प्रवासी शहरात घर बांधताना : योग्य तज्ज्ञांची निवड

स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर बांधणे हा बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो. त्यासाठी वर्षानुवर्षांची बचत खर्ची पडते, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली जाते आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतले जातात. असे असूनही घराचा आराखडा कोणी करावा, त्याच्या मजबुतीची गणिते कोणी मांडावीत आणि काम चालू असताना त्यावर लक्ष कोणी ठेवावे, हे मात्र पुष्कळदा शेजाऱ्याच्या शिफारशीवर किंवा ठेकेदाराच्या सांगण्यावर ठरते. प्रस्तुत लेखात या निवडीचा पद्धतशीर विचार केला आहे. उदाहरणासाठी वसई-विरार हे शहर घेतले असले, तरी समुद्राजवळच्या आणि मोठ्या शहरात नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्यांच्या कोणत्याही गावाला यातील बहुतेक मुद्दे लागू पडतील.

प्रवासी शहराची अडचण

पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. नायगाव, वसई रोड, नालासोपारा व विरार येथून सकाळच्या लोकलने निघणारा नोकरदार रात्रीच घरी परततो. त्याच्या भूखंडावर काँक्रीट पडते ते दुपारी; तो काम पाहतो रविवारी. तोपर्यंत सळया काँक्रीटमध्ये गडप झालेल्या असतात आणि भिंतीवर गिलावा चढलेला असतो. म्हणजेच ज्या गोष्टींवर घराचे आयुष्य अवलंबून असते, नेमक्या त्याच गोष्टी मालकाच्या दृष्टीस कधी पडत नाहीत. म्हणून अशा शहरात तज्ज्ञ नेमणे म्हणजे केवळ नकाशा विकत घेणे नव्हे. आपल्या गैरहजेरीत आपल्या वतीने पाहणारा, तपासणारा आणि गरज पडल्यास काम थांबवणारा जबाबदार माणूस नेमणे होय. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

ही जबाबदारी कोणीच घेतली नाही तर काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे एका अनधिकृत चारमजली इमारतीचा भाग कोसळून १७ जणांना प्राण गमवावे लागले. त्याआधी नालासोपारा पूर्व येथे मलनिःसारण प्रकल्प व क्षेपणभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. हे काम २०२५ च्या आरंभी पूर्ण झाले आणि शेकडो कुटुंबे बेघर झाली. पहिल्या घटनेत प्रश्न बांधकामाच्या मजबुतीचा होता, तर दुसऱ्या घटनेत जमिनीचा. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळे तज्ज्ञ देतात, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

कोणाचे काम कोणते?

वास्तुविशारद, म्हणजे ज्यांना आपण आर्किटेक्ट म्हणतो, ते घराची रचना करतात, नियमांनुसार नकाशे तयार करतात आणि मालकाच्या वतीने परवानगीसाठी अर्ज करतात. संरचना अभियंता पाया, स्तंभ, तुळया व स्लॅब यांची गणिते करून कोठे किती सळई लागेल हे ठरवतो. परवानाधारक अभियंता वा पर्यवेक्षक यांना नियोजन प्राधिकरणाकडून परवाना मिळतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या बांधकामांचे नकाशे सादर करण्याचा व देखरेख करण्याचा अधिकार त्यांना असतो. भूमापक जागेची हद्द दाखवतो. नगररचनाकाराची गरज एका घरापुरती सहसा लागत नाही. मोठ्या जमिनीचे भूखंड पाडावयाचे असतील, अंतर्गत रस्ते आखावयाचे असतील किंवा आरक्षणाचा गुंता असेल, तेव्हा त्याचा सल्ला मोलाचा ठरतो.

येथे शब्दांची एक गफलत टाळावी. ‘वास्तुतज्ज्ञ’ किंवा ‘वास्तुसल्लागार’ अशी पाटी असलेली व्यक्ती दिशा व वास्तुशास्त्राविषयी सल्ला देणारी असू शकते. ‘डिझायनर’ म्हणवणारी व्यक्ती केवळ अंतर्गत सजावट करणारी असू शकते. या दोहोंचा बांधकाम परवानगीशी संबंध नसतो. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी केवळ वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलेल्या निर्णयानुसार या कायद्याने उपाधीला संरक्षण मिळते. आराखडे करण्याचे सर्व काम मात्र केवळ नोंदणीकृत व्यक्तींपुरते राखून ठेवलेले नाही. याचा ग्राहकासाठी अर्थ असा की, समोरची व्यक्ती नेमक्या कोणत्या पात्रतेवर काम करीत आहे हे विचारून घेण्याची जबाबदारी त्याचीच आहे.

पाटी नव्हे, नोंदणी पाहावी

वास्तुविशारदाच्या नोंदणी क्रमांकाचा आरंभ ‘सीए’ या अक्षरांनी होतो. त्यापुढे वर्ष व अनुक्रमांक असतो. परिषदेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक किंवा नाव टाकून नोंदणी चालू आहे की नाही, हे कोणालाही घरबसल्या पाहता येते. परवानाधारक अभियंता, संरचना अभियंता व पर्यवेक्षक यांच्या परवान्याची खातरजमा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात करता येते. परवान्याची मुदत अवश्य पाहावी. क्रमांक खरा असला तरी तो समोर बसलेल्या व्यक्तीचाच आहे ना, हेही तपासावे. एकाची भेट, दुसऱ्याचा नकाशा आणि तिसऱ्याची स्वाक्षरी असा प्रकार असल्यास तेथून नम्रपणे निरोप घ्यावा.

वास्तुविशारदांच्या व्यावसायिक आचारनियमांमध्ये, १९८९ च्या विनियमांनुसार, स्वतःच्या सेवेची जाहिरात करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे चांगला वास्तुविशारद मोठ्या फलकावर किंवा छापील पत्रकात सापडेलच असे नाही. त्याचा शोध बांधलेल्या घरांतून घ्यावा. आपल्या भागातील पाच ते दहा वर्षांपूर्वीची घरे पाहावीत. नव्या घराचा रंग सर्वांनाच मोहवतो; सात-आठ पावसाळे झेललेल्या घराची गच्ची, खिडक्यांचे कोपरे आणि तळमजल्याच्या भिंती मात्र खरे सांगतात. तेथील मालकांना तीन प्रश्न विचारावेत : काम चालू असताना तज्ज्ञ किती वेळा जागेवर आले? अंदाजपत्रकापेक्षा खर्च किती वाढला आणि का? भोगवटा प्रमाणपत्र मिळाले काय?

मुंबईतील तज्ज्ञ घ्यावा की गावातील, हा प्रश्नही नेहमी पडतो. मोठ्या शहरातील तज्ज्ञाचा अनुभव व्यापक असू शकतो, परंतु एका बंगल्याच्या स्लॅबसाठी तो स्वतः येईल काय, हे स्पष्ट विचारावे. स्थानिक तज्ज्ञाला माती, पाणी, पावसाळ्यात तुंबणारे रस्ते व कार्यालयीन पद्धती ठाऊक असतात. पहिल्याकडे आराखडा आणि दुसऱ्याकडे देखरेख अशी विभागणीही करता येते; मात्र तशी केल्यास कोणाची जबाबदारी कोठे संपते हे लेखी ठरवावे.

पहिला प्रश्न जमिनीचा

तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीस जाताना मनातील घराचे चित्र बाजूस ठेवून जमिनीची कागदपत्रे न्यावीत : अलीकडील सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, खरेदीखत, मोजणीचा नकाशा, बिनशेतीची कागदपत्रे आणि भूखंड मंजूर रेखांकनातील असल्यास त्या रेखांकनाची प्रत. ही कागदपत्रे पाहण्यापूर्वीच जो ‘किती मजले हवेत?’ असे विचारतो, त्याच्याविषयी सावध असावे. कोणत्याही तज्ज्ञाला परवानगी ‘आणून देता’ येत नाही. जमिनीला व नियमांना जे मान्य आहे तेवढेच तो मागू शकतो.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. १९९० पासून या परिसरासाठी सिडको हे विशेष नियोजन प्राधिकरण होते. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. त्यामुळे जुन्या बांधकामांच्या कागदांवर वेगवेगळ्या कार्यालयांचे शिक्के आढळतात आणि कोणत्या वर्षी कोणाला परवानगी देण्याचा अधिकार होता, हे जाणणारा तज्ज्ञच त्यांचे मोल सांगू शकतो. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी, हा समज तर पूर्णतः चुकीचा आहे. अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो. तेवढ्याने ते अधिकृत ठरत नाही.

यानंतर समुद्र आणि खाडी. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये मिठागरे व खारफुटी असा हा प्रदेश आहे. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार समुद्राच्या बाजूस भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा, तर भरती-ओहोटीच्या खाड्यांच्या काठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. या पट्ट्यात सर्वत्र बांधकाम वर्ज्य आहे असे नाही; परंतु कोठे काय चालेल हे मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरून ठरते. खारफुटीभोवतीच्या ५० मीटर क्षेत्रात बांधकामास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालाने प्रतिबंध केला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला वसईचा किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरमध्ये पुरातत्त्व कायद्यानुसार ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पश्चिमेकडील वाड्या व बागायतीच्या भागात हरित क्षेत्राचे निर्बंध आहेत.

म्हणून नेमणुकीचे पहिले काम एवढेच सोपवावे : भूखंडाचा विकास योजनेतील ताजा अभिप्राय व भाग नकाशा मिळवून जागेचे क्षेत्र, आरक्षण, रस्त्याची रुंदी व वरील निर्बंध यांचा लेखी अहवाल द्यावा. या छोट्या कामाचे स्वतंत्र शुल्क आनंदाने द्यावे. जमीन अद्याप घेतलेली नसेल तर हा अहवाल विसार देण्यापूर्वीच घ्यावा. नालासोपाऱ्यातील आरक्षण विकास योजनेच्या नकाशावर होतेच. खरेदीपूर्वी तो नकाशा पाहिला गेला असता तर अनेकांची पुंजी वाचली असती.

खारी हवा आणि संरचना अभियंता

समुद्राजवळच्या घराचा खरा शत्रू क्षार आहे. हवेतील, पाण्यातील व वाळूतील क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळईपर्यंत पोहोचते; सळई गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीटचे कवच फोडते. स्लॅबच्या खालचे पोपडे पडू लागतात तेव्हा आतील नुकसान बरेच पुढे गेलेले असते.

यावर उपाय कागदावर आधीच ठरलेले आहेत. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत किनाऱ्याच्या हवेस उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ गटात धरले असून त्यासाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट व सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन सांगितले आहे. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या भागास ‘मध्यम’ गटात एम-२५ व ३० मिलिमीटर पुरते. सळईयुक्त काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असेही हे मानक सांगते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. त्याची प्रयोगशाळेत तपासणी न करता ते वापरणे म्हणजे घराच्या सळयांना पहिल्याच दिवशी गंजाचे बीज देणे होय. खाडीतून काढलेल्या न धुतलेल्या रेतीबाबतही हेच म्हणता येईल.

संरचना अभियंत्याला म्हणूनच थेट विचारावे : माझी जागा आपण कोणत्या गटात धरली आहे? मातीची चाचणी कोठे व किती खोलीपर्यंत घेणार? भराव टाकलेल्या खाजणाच्या जमिनीवर पाया कोणत्या प्रकारचा असेल? भूकंपाचा विचार गणितात केला आहे काय? ज्याने हे सर्व खरोखर केले आहे तो ही उत्तरे सोप्या शब्दांत देतो. ‘इकडे सगळे असेच बांधतात’ हे उत्तर स्वीकारू नये. ठेकेदारानेच आणलेला संरचना अभियंता हाही योग्य मार्ग नव्हे. ज्याचे काम तपासावयाचे आहे त्यानेच तपासनीस निवडणे बरोबर नाही.

परवानगीचा मार्ग

मुंबई व काही अपवाद वगळता राज्यातील बहुतेक भागास डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लहान भूखंडांसाठी, म्हणजे १५० व ३०० चौरस मीटर या मर्यादांपर्यंत, तीत सुलभ पद्धत ठेवली आहे. ही सुलभता तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर विसंबून आहे. कार्यालयाची छाननी जितकी कमी, तितकी स्वाक्षरी करणाऱ्याची जबाबदारी अधिक, आणि म्हणून त्याची निवडही तितक्याच काळजीने व्हावयास हवी.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये मिळालेली परवानगी एक वर्ष चालते व वाढवून घेतल्यास एकूण चार वर्षांपर्यंत टिकते. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असा तिचा क्रम आहे. या प्रत्येक कागदाची प्रत मालकाने स्वतःजवळ ठेवावी आणि तिची पडताळणी ती देणाऱ्या कार्यालयातच करावी. बनावट परवानग्यांची प्रकरणे वसई-विरार व कल्याण-डोंबिवली या दोन्ही भागांत उघडकीस आली आहेत. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींसाठी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणीही मिळवण्यात आली होती. एका कागदावरून दुसऱ्याची खात्री पटत नाही. मूळ कार्यालय गाठणे हाच मार्ग.

करार व कामाचे मोजके दिवस

तज्ज्ञाशी लेखी करार करावा. त्यात नकाशांचे संच किती, परवानगीचा पाठपुरावा कोण करणार, संरचनेचे शुल्क वेगळे की एकत्र, जागेवर भेटी किती, आणि भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत साथ मिळणार काय, हे स्पष्ट असावे. शुल्क टप्प्यांनी द्यावे व अखेरचा टप्पा भोगवटा प्रमाणपत्राशी जोडावा. शासकीय शुल्क थेट भरून पावती आपल्या नावे घ्यावी. ‘वरचा खर्च’ अशा मोघम शीर्षाखाली एकही रुपया देऊ नये. सर्व व्यवहार धनादेशाने अथवा बँकेमार्फत करावेत. पुढे वाद झाल्यास तीच नोंद कामी येते.

करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम उपस्थितीचे. एका दुमजली घराच्या बांधकामात खरोखर निर्णायक असे आठ-दहाच दिवस असतात : हद्दीची आखणी, पायाचे खोदकाम, पायातील सळई, जोते, स्तंभ आणि प्रत्येक स्लॅब ओतण्याचा दिवस. या दिवसांची यादी कराराला जोडावी. सळई बांधून झाल्यावर व काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्याने पाहणी करून नोंदवहीत स्वाक्षरी करावी आणि त्याशिवाय काँक्रीट ओतले जाणार नाही, अशी अट ठेकेदाराच्या करारातही घालावी. सळईखालील कव्हर ब्लॉकची छायाचित्रे मालकाच्या भ्रमणध्वनीवर यावीत. प्रत्येक ओतकामातील काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी तपासून त्याचा अहवाल घ्यावा. नोकरदार मालकाने या आठ-दहा दिवसांपैकी निदान तीन-चार दिवस रजा काढता आली तर काढावी. वास्तुशांतीच्या रजेइतकीच ती रजा मोलाची आहे.

बँकेची भूमिका

घर बांधणीचे कर्ज टप्प्याटप्प्याने वितरित होते. त्यासाठी मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि मंजूर नकाशाप्रमाणेच बांधकाम करण्याचे हमीपत्र घेतले जाते. बँकेचे वकील मालकीहक्क तपासतात व मूल्यांकनकार जागेस भेट देतात. परंतु ही तपासणी बँकेच्या तारणाच्या दृष्टीने असते, हे ग्राहकांनी ध्यानात ठेवावे. मूल्यांकनकार कामाची प्रगती व किंमत पाहतो. स्लॅबच्या पोटात सळई किती आहे हे तो मोजत नाही. ‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे सर्व ठीक आहे’ असा निष्कर्ष म्हणूनच काढू नये. बँकेची तपासणी ही ग्राहकाच्या स्वतःच्या तज्ज्ञाला पर्याय होऊ शकत नाही. शाखांतील सहकाऱ्यांनीही कर्जाची चौकशी करणाऱ्या ग्राहकास हा फरक पहिल्या भेटीतच समजावून सांगावा. जमिनीचा अहवाल व तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक अर्जाच्या वेळीच पाहिला, तर पुढील अनेक अडचणी टळतात.

थोडक्यात

प्रथम जमिनीचा लेखी अहवाल घ्यावा. मग नोंदणी मूळ ठिकाणी पडताळून वास्तुविशारद निवडावा. संरचना अभियंता ठेकेदारापासून स्वतंत्र असावा. करारात निर्णायक दिवसांची उपस्थिती लिहून घ्यावी आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये. तज्ज्ञांच्या शुल्कात काटकसर करून वाचवलेली रक्कम पहिल्या मोठ्या दुरुस्तीत निघून जाते. घर अनधिकृत ठरले तर मात्र घर जाते आणि कर्जाचे हप्ते तेवढे उरतात.

अर्ज करण्यापूर्वी आपण आपल्या शाखेत सर्व कागदपत्रांसह अवश्य यावे. मात्र त्याआधी एक सकाळ महानगरपालिकेच्या नगररचना विभागात घालवावी आणि आपल्या भूखंडाचा भाग नकाशा स्वतः पाहावा.